पाळी चुकण्याआधीची तयारी: रक्त लवकर न थांबणाऱ्या बायकांसाठी

आमच्या घरात ‘घोळणा फुटला’ हे ‘दूध उतू गेलं’ इतक्या सहज बोललं जायचं. वडिलांचा फुटायचा, माझा फुटायचा, आत्याचाही लहानपणी फुटायचा म्हणे. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर, म्हणून सगळं उष्णतेच्या नावावर खपायचं. कांदा फोडून हुंगायला द्यायचा, टाळूवर पाणी थापायचं, झालं. मला पाळी सुरू झाली आणि नऊ-नऊ दिवस जायला लागलं, तेव्हाही निदान तेच: उष्णता. चोविसाव्या वर्षी अक्कलदाढ काढली, दीड दिवस रक्त थांबेना, तेव्हा कुठे दाताच्या डॉक्टरांना शंका आली. आजाराचं नाव निघालं व्हॉन विलेब्रँड.

जखम झाली की प्लेटलेट तिथं जाऊन चिकटतात. त्यांना चिकटवणारा जो डिंक रक्तात असतो, तो माझ्यात कमी आहे, एवढाच हा आजार. एरिक फॉन विलेब्रँड नावाच्या फिनलंडच्या डॉक्टरांनी तो १९२६ मध्ये पहिल्यांदा लिहून ठेवला. ज्या मुलीवरून त्यांना तो कळला ती पुढे तेराव्या वर्षी, आयुष्यातल्या चौथ्या पाळीत, रक्त जाऊन गेली. मला हे कळलं तेव्हा मी माझ्या नऊ दिवसांचा हिशेब मनात परत एकदा केला.

हा लेख मूल हवं असलेल्या तीन प्रकारच्या बायकांसाठी आहे: व्हॉन विलेब्रँड असलेल्या, घरात हिमोफिलिया (रक्त गोठवणारा ‘फॅक्टर’ नावाचा घटक कमी असण्याचा आजार) असल्यामुळे वाहक असलेल्या, आणि प्लेटलेटची संख्या बरोबर असूनही त्या काम करत नाहीत असं निघालेल्या. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची वाट वेगळी, त्याबद्दल मध्ये एक परिच्छेद आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. मी सांगतेय ते कधी, कुठं, काय विचारायचं एवढं.

आधी आपला खरा आकडा काढा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

गरोदरपणात आपल्या रक्तातला हा डिंक आपोआप वाढतो. रक्त गोठवणारा फॅक्टर आठही वाढतो. शेवटच्या तीन महिन्यांत दोन्ही दुप्पट-तिप्पट झालेले असतात. ऐकायला छान वाटतं, पण फसवणूक इथंच होते. पहिली तपासणी सातव्या महिन्यात केली तर सौम्य आजार असलेल्या बाईचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. ‘काही नाही ओ तुम्हाला’ म्हणून फाईल बंद होते. बाळंतपण झालं की आकडा घसरायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत मूळ जागेवर येतो, आणि तोवर ती बाई घरी, शेक-शेगडीत असते. म्हणून मूळ आकडा दिवस राहायच्या आधी हातात पाहिजे. एकदा दिवस राहिले की तो बाळंतपणानंतरच काढता येतो.

नेहमीच्या तपासण्यांवर थांबू नका. प्लेटलेटची संख्या, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या पीटी, एपीटीटी या तिन्ही माझ्या नॉर्मल होत्या. त्यांच्या जोरावर मला एका ठिकाणी ‘मनाला लावून घेऊ नका’ असा सल्ला मिळाला होता. मागायच्या तपासण्या तीन: व्हॉन विलेब्रँड अँटिजेन (डिंक किती आहे), त्याची ॲक्टिव्हिटी (तो किती काम करतो) आणि फॅक्टर आठ. ३० टक्क्यांच्या खाली आलं तर आजार उघडच आहे. ३० ते ५० मध्ये आलं आणि रक्त जाण्याचा इतिहास असला तरी आजारच धरतात. ओ रक्तगटाच्या माणसांत हा आकडा मुळातच थोडा कमी असतो. हिमोफिलियाच्या वाहकांनी घरात जो प्रकार असेल तो, म्हणजे फॅक्टर आठ किंवा नऊ, मोजून घ्यायचा. ‘ती नुसती वाहक आहे’ हे वाक्य फार बायकांना महागात पडलंय. वाहक बाईचाही फॅक्टर ४० च्या खाली असू शकतो, आणि मग तिला वाहक न म्हणता सौम्य हिमोफिलियाची रुग्ण म्हणतात. शिवाय फॅक्टर आठ गरोदरपणात वाढतो, नऊ फारसा वाढत नाही. आपला कुठला ते नक्की माहीत हवं.

आता रक्त द्यायचं कसं. ही तपासणी निळ्या टोपणाच्या नळीत होते, आणि नळी रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. कमी भरली तर दुसरी मागा, लाजू नका. रक्त काढल्यावर त्यातला पातळ भाग (प्लाझ्मा) लवकर वेगळा करून गोठवावा लागतो. आख्खं रक्त बर्फाच्या डब्यात घालून पुण्या-मुंबईला पाठवलं तर गारठ्यानं हाच डिंक खाली जातो आणि आकडा खोटा कमी येतो. माझा पहिला नमुना असाच गेला. आमच्या जवळच्या कलेक्शन सेंटरमधला पोरगा चांगला होता बिचारा. उन्हाळा म्हणून त्यानं बर्फ जास्तच घातला. आकडा आला १९. मी रडून घेतलं. नंतर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले, जिथं तपासणी होते त्याच लॅबमध्ये रक्त दिलं, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. आकडा आला ३४. आजार होताच, पण १९ आणि ३४ वर उपचार वेगळे ठरतात. तेव्हा एक तर तिथं जाऊन द्या, नाहीतर इथंच पातळ भाग वेगळा करून गोठवून पाठवणारी लॅब आहे का ते आधी विचारून घ्या.

ताप असताना, पळत-धापत गेल्यावर, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आकडा वर जातो. अर्धा तास शांत बसून रक्त द्या, आणि एकाच रिपोर्टवर विसंबू नका. महिन्या-दोन महिन्यांनी परत करा.

याच काळात आणखी एक काम उरकून घ्या: डेस्मोप्रेसिनची चाचणी. हे औषध शरीरात साठलेला डिंक बाहेर काढतं. काहींना लागू पडतं, काहींना नाही. व्हॉन विलेब्रँडच्या प्रकार ३ मध्ये, जिथं डिंक जवळजवळ नसतोच, उपयोग होत नाही, आणि २-बी या प्रकारात उलट त्रास होऊ शकतो. एक डोस देतात, तासाभरानं आणि परत चार तासांनी रक्त घेतात. लागू पडलं तर कागदावर लिहून घ्यायचं. त्या दिवशी पाणी मोजूनच प्यायचं असतं, नाहीतर रक्तातलं मीठ उतरतं. मुलांच्या अंथरूण ओलं करण्यावर जो नाकातला फवारा मिळतो तो याच औषधाचा असला तरी फारच सौम्य असतो. तो आणून स्वतःवर प्रयोग करू नका.

मग घराण्याचा नकाशा

आपल्याकडं, आणि कर्नाटक-तेलंगणाच्या या पट्ट्यात जास्तच, मामाची पोर, आत्याचा पोरगा ही लग्नं नेहमीची. काही घरांत तर मामाशीच लग्न लावतात. माझंही आत्याच्या मुलाशी झालंय. म्हणजे माझी सासू हीच माझी आत्या, आणि ज्या घराण्यातून माझा आजार आला त्याच घराण्याचं रक्त नवऱ्यातही.

त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञांनी माझ्याआधी नवऱ्याची तपासणी लिहून दिली. आत्याबाईंना आधी ते पटलं नाही. “पोराला कशाला सुया? त्याला कधी काय झालंय?” पण बोलता बोलता डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, तुमची पाळी कशी होती? आत्या गप्प झाली. मग म्हणाली, अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली, फार अंगावरून जायचं म्हणून. त्या खोलीत पहिल्यांदा कुणी तरी तिला त्याचं कारण विचारत होतं. तिचाही आकडा कमी निघाला. नवऱ्याचा ७८, म्हणजे ठीक.

हे का महत्त्वाचं? नेहमीचा, म्हणजे प्रकार १ चा व्हॉन विलेब्रँड एका पालकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. दोन्हीकडून आला तर मूल तीव्र प्रकाराचं होऊ शकतं. प्रकार ३ आणि ग्लान्झमन नावाचा प्लेटलेटचा आजार दोन्ही पालकांकडून दोष आला तरच होतात, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत ते जास्त दिसतात. हिमोफिलियाचा हिशेब निराळा. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी. वडील रुग्ण असतील तर सगळ्या मुली वाहक होतात, मुलगे त्यातून सुटतात. आणि घरात कुणाला नसतानाही हिमोफिलिया येतो. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणीच नसतं.

एक मोठा कागद घ्या, आजीपासून सुरू करा. कुणाची पिशवी लवकर काढली, कोण बाळंतपणात गेलं, कुणाला सुंता किंवा दात काढताना रक्त चढवावं लागलं, असं लिहीत चला. रिपोर्टपेक्षा बायकांच्या आठवणी जास्त कामाला येतात. बारशाला, लग्नाला सगळ्या जमतात तेव्हा विचारायचं.

त्याच खेपेला नवरा-बायको दोघांनीही एचपीएलसी ही तपासणी करून घ्या. यात थॅलेसेमिया मायनर आणि सिकलसेलचे वाहक कळतात. मायनर असलेल्या माणसाला काही त्रास नसतो, हिमोग्लोबिन जरा कमी एवढंच, म्हणून कुणी बघत नाही. दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. मेजर म्हणजे जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते, पण आई-वडिलांचा जनुकीय दोष त्याआधी शोधून ठेवावा लागतो. तो शोधायला वेळ लागतो, म्हणून हेही दिवस राहायच्या आधीचंच काम. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रोगप्रतिकार-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, एनआयआयएच म्हणतात तिला, तिथं या आजारांवर फार वर्षं काम चालतं. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईत. जाताना दोघांचे जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा.

गर्भाच्या तपासणीला घाबरून किंवा उलट हुरळून काही लोक भलतंच विचारतात, म्हणून सांगते. मुलगा की मुलगी हे विचारणं गुन्हा आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदान कायदा हिमोफिलियासारख्या आजारांसाठी आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी देतो, पण नोंदणीकृत केंद्रात आणि रीतसर कागद भरूनच.

लोहाचं खातं भरा

माझं हिमोग्लोबिन तेव्हा ९.१ होतं आणि फेरिटिन ६. हिमोग्लोबिन म्हणजे हातातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतले. वर्षानुवर्षं पाळीत जास्त जात असेल तर बँक रिकामीच असते. ३० च्या खाली फेरिटिन म्हणजे लोह कमी. आधीच रिकामं खातं घेऊन बाळंतपणाला गेलं की थोडं जास्त गेलेलं रक्तही झेपत नाही.

गोळ्या किमान तीन-चार महिने लागतात, म्हणून लवकर सुरू करा. चहाबरोबर नाही, जेवणानंतरच्या चहाबरोबरही नाही, मध्ये तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. (सोलापुरात हे सांगणं सोपं, पाळणं अवघड.) बाजरीची भाकरी, शेंगाचटणी, मेथी, अळीव सगळं चांगलंच, खा, लिंबू पिळून खा. पण फेरिटिन ६ असताना नुसत्या खाण्यानं ते भरत नाही. गोळ्या सोसल्या नाहीत तर लोह सलाईनमधून देतात. कंबरेत सुई मात्र घेऊ नका. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून चालू करा.

सुया, गोळ्या आणि प्रयत्नांचे महिने

पाळी आवरायला गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मुलासाठी त्या बंद होतात आणि पहिल्याच महिन्यात पाळी जुन्या जोरानं परत येते. त्या दिवसांत रक्त जाणं कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चालतं, आधी लिहून घेऊन घरात ठेवा. दोन तासांच्या आत पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, सात दिवसांच्या पुढं जाणं, असं असेल तर डॉक्टरांना फोन. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: गोळ्या बंद झाल्या की महिन्याच्या मध्यावर बीज फुटताना पोटात आत रक्त साचू शकतं. एका बाजूला जोराची कळ, चक्कर, पोट कडक, असं झालं तर गॅस म्हणून ओवा खात बसू नका.

वेदनेवर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पॅरासिटामॉल चालतं. आपल्याकडं डॉक्टरकडं जाऊन ‘एक सुई मारा’ म्हटल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि ती सुई बहुतेक वेळा कंबरेत डायक्लोफेनॅकचीच असते. मला एकदा दिली होती, अंजिराएवढी गाठ आणि पंधरा दिवस काळीनिळी कंबर.

दिवस राहिल्यावर गर्भ टिकावा म्हणून दर आठवड्याला कंबरेत सुई देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती खरंच लागते का ते विचारा, आणि लागत असेल तर तेच औषध गोळीतून किंवा खालून ठेवायच्या गोळीतून मिळतं. धनुर्वाताची लस चुकवायची नाही, फक्त बारीक सुई मागायची आणि नंतर दहा मिनिटं बोटानं दाबून धरायचं. चोळायचं नाही. रक्त किंवा प्लाझ्मा घ्यायची वेळ येऊ शकते म्हणून हिपॅटायटिस बी ची लस आधीच पूर्ण करून घ्या.

दवाखाना कोणता

इथं भावना बाजूला ठेवाव्या लागतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातल्या गावात, शहरापासून तासाभराच्या पुढं. तिथं रात्री दोनला क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, हा डिंक असलेला भाग) कुठून आणणार? शेवटी आईच डबे-पेट्या घेऊन माझ्याकडं राहायला आली. गावात थोडी कुजबुज झाली, आत्यानं ती परस्पर मिटवली.

दवाखाना बघताना खोलीचा एसी नंतर बघा. आधी विचारा: चोवीस तास भूलतज्ज्ञ आहे का, अतिदक्षता विभाग आहे का, बाळांचा कक्ष आहे का, आणि रक्तपेढीत रक्ताचे घटक वेगळे मिळतात का. नुसतं ‘रक्त मिळेल’ याला अर्थ नाही, आपल्याला लागतो तो फॅक्टर, नाहीतर क्रायो. आपलं सिव्हिल, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं सर्वोपचार रुग्णालय, हे जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालय. खाजगीत नाव घातलं तरी तिथं एकदा जाऊन फॅक्टरचा साठा कुणाकडं असतो, कोण देतं, हे विचारून या. सरकारी फॅक्टर मोफत असतो, पण साठा कधी असतो, कधी संपतो. आठव्या महिन्यात परत जाऊन विचारा.

फॅक्टर आठच्या बाटलीबद्दल एक बारीक पण जीवावरची गोष्ट. प्लाझ्मापासून बनवलेल्या काही फॅक्टर आठमध्ये व्हॉन विलेब्रँडचा डिंकही असतो. रिकॉम्बिनंट, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या फॅक्टर आठमध्ये तो नसतो. हिमोफिलियाला तो छान, व्हॉन विलेब्रँडला त्यानं रक्त थांबत नाही. ‘फॅक्टर आठ आहे आमच्याकडं’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न: त्यात व्हॉन विलेब्रँड आहे का?

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं विचारतात बऱ्याच जणी. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत. व्हॉन विलेब्रँडचं नाव त्यात नाही.

नऊ महिने

हे त्या मानानं शांत जातात. दिवस राहिल्याचं कळल्यावर एकदा, २८ व्या आठवड्याच्या आसपास एकदा आणि ३४ व्या आठवड्याला एकदा आकडा बघायचा. माझा २८ ला ७१ आणि ३४ ला ९६ होता. पोटात सुई घालायची कुठलीही तपासणी असेल तर त्याआधी आकडा ५० च्या वर हवा. २-बी प्रकारात गरोदरपणात प्लेटलेट उतरतात, त्यांनी तेही बघत राहायचं. पहिल्या तीन महिन्यांत आकडा अजून फारसा वर गेलेला नसतो, तेव्हा अंगावरून गेलं किंवा गर्भ पडला तर जास्त रक्त जाऊ शकतं. घरी वाट बघत थांबू नका.

एक कागद, प्लास्टिकमध्ये घालून

३४ व्या आठवड्याचा आकडा आला की स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ तिघांचं एकमेकांशी बोलणं झालंच पाहिजे. आमच्यात ते होत नव्हतं. शेवटी नवऱ्यानं तिघांना एकाच फोनवर जोडलं आणि ते बोलतील तसं लिहून काढलं. तोच कागद लॅमिनेट केला. एक प्रत माझ्या पर्समध्ये, एक दवाखान्याच्या फाईलला, एक फ्रिजवर. वर इंग्रजीत, खाली मराठीत, कारण रात्री अडीचला तो कागद सिस्टर वाचणार की आत्या, सांगता येत नाही. मराठीतला मजकूर असा होता:

‘रक्तगट ओ पॉझिटिव्ह. व्हॉन विलेब्रँड प्रकार १. गरोदर नसताना ३४. चौतिसाव्या आठवड्यात ९६. डेस्मोप्रेसिन लागू पडतं. स्नायूत सुई नको. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. दाखल होताच हिमोग्लोबिन आणि रक्ताची जुळणी. पाठीतली भूल आकडा ५० च्या वर असेल तरच. नळी काढतानाही तेच. व्हॅक्यूम आणि चिमटा टाळा. वार पडल्यावर पिशवी आवळायचं औषध लगेच, शिरेतून. ट्रॅनेक्झॅमिक कळांपासून, पुढं १४ दिवस.’ शेवटी दोन फोन नंबर.

तुमचा कागद वेगळा असेल. माझा उतरवून काढू नका, फक्त त्यात कुठकुठली कलमं असतात ते बघा. रक्ताचा आजार आहे म्हणून सिझेरियनच, असं नसतं. ते नेहमीच्या कारणांसाठीच करतात.

माझी तारीख जानेवारीतली, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जुन्या शहरातून गाडी निघत नाही, म्हणून नवऱ्यानं लांबचा रस्ता आधीच दोनदा फिरून बघितला होता. संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळा आल्या. बाळंतपण साधं झालं, टाके चार, रक्त बेताचंच गेलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

खरी परीक्षा घरी

बारशाच्या दिवशी, बाराव्या दिवशी, परत लाल रक्त सुरू झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळंतिणीचं जातंच की, सव्वा महिना जातं. ते खरंही आहे, जातंच, पण रंग फिका होत जातो, उलटा लाल होत नाही. मी गप्प होते. आत्या मात्र न्हाणीघरात जाऊन पॅड मोजून आली. दोन तासांत तीन. ती काकूंना म्हणाली, “मला पण असंच सांगितलेलं. मी पिशवी घालवून बसले.” आणि पाळण्याची दोरी आईच्या हातात देऊन मला रिक्षात घातलं.

झालं होतं असं की आठव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून मीच ट्रॅनेक्झॅमिक बंद केलं होतं, आणि तोवर आकडाही खाली घसरला होता. औषध परत सुरू केलं, सोनोग्राफीत पिशवीत काही राहिलेलं नाही ना ते बघितलं, दोन दिवसांत आटोक्यात आलं. एकविसाव्या दिवशीचा आकडा ३८.

म्हणून घरी जाताना लिहून घ्यायचं: औषध किती दिवस, पुढचा आकडा कधी, आणि कुणाला फोन. ट्रॅनेक्झॅमिक चालू असताना बाळाला पाजता येतं. पहिले सहा आठवडे धोक्याचे धरा. तासाभरात पॅड भिजलं, गाठी पडल्या, चक्कर आली, की १०८. जास्त रक्त जात असताना ट्रॅनेक्झॅमिक पहिल्या काही तासांत दिलं तरच त्याचा खरा उपयोग. शेक घ्या, पण शेगडीचा कडक शेक आणि पोट जोरात चोळून घेणं नको. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल. लोहाच्या गोळ्या त्यांच्याबरोबर चालूच ठेवायच्या.

बाळ

बाळाला मध्यम किंवा तीव्र आजार असण्याची शक्यता असेल, जसं हिमोफिलियाच्या घरातला मुलगा, तर जन्मताच नाळेतल्या रक्तातून फॅक्टर मोजतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत स्नायूतल्या सुया थांबवून के व्हिटॅमिन तोंडावाटे देतात. हे बाळाच्या डॉक्टरांशी आधीच ठरवा. सौम्य व्हॉन विलेब्रँडची तपासणी मात्र जन्मताच करून उपयोग नाही. जन्माच्या वेळी बाळाचाही आकडा चढलेला असतो. सहा महिन्यांनंतर करायची.

लसी सगळ्या द्यायच्या, बारीक सुईनं, दाबून धरून.

कान टोचायचा प्रश्न बारशालाच आला. सोनार तार घेऊन दारात उभा होता. त्याच दिवशी माझी ती धावपळ झाली म्हणून तो विषय आपोआप टळला, नाहीतर एवढ्या बायकांसमोर ‘नाही’ म्हणायला मला जड गेलं असतं. मुलीचा रिपोर्ट आठव्या महिन्यात आला, ४१. तेव्हा डॉक्टरांना विचारून, दवाखान्यातच, चौदाव्या महिन्यात कान टोचले. आत्यानं दोन्ही पाळ्या कापसानं वीस मिनिटं दाबून धरल्या, घड्याळ समोर ठेवून. सोनाराला सव्वा रुपया आणि नारळ तरी द्यावाच लागला.